गाडीखालचा चांद्या

बैलगाडी मागे येत नाही, एवढी एक गोष्ट चांद्याला पक्की ठाऊक होती. चाकं पुढे जातात, आपण त्यांच्या मधून चालायचं, गाडी थांबली की तिच्याच सावलीत अंग टाकायचं. एवढ्या शहाणपणावर त्याचं आयुष्य सुखानं निघालं असतं. आमच्या घरानं ते निघू दिलं नाही. हे शांतपणे लिहायचं असं ठरवून बसले होते, पण पहिल्या चार ओळींतच आवाज चढला आहे. चढू दे. या घरात ज्यांनी आवाज चढवायला हवा होता त्यांनी फार उशिरा चढवला, आणि तोही एकदाच.

आमचं गाव केदारखेड्याच्या अलीकडे, पूर्णेच्या काठावर. घरात अण्णा म्हणजे माझे वडील, माय, अण्णांचा धाकटा भाऊ आप्पाकाका आणि मी. माय लग्न होऊन आली तेव्हा आप्पाकाका सात वर्षांचा होता. सासू आधीच गेलेली, त्यामुळे त्याला न्हाऊ घालण्यापासून त्याच्या डोक्यातल्या उवा काढण्यापर्यंत सगळं मायनंच केलं. तो तिला वहिनी म्हणायचा, पण ताप आला की 'माय गं' म्हणूनच कण्हायचा. सकाळी मायच्या भाकरीच्या थापा सुरू झाल्या की पहिली भाकर चांद्याची, ताकात कुस्करलेली. दुसरी आप्पाकाकाची, तव्यावरची गरम, वर हिरव्या मिरचीचा ठेचा आणि तेलाची धार. अण्णा मागून जेवायचे. आधी ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा हाणायचे, आणि त्या गप्पांचा विषय दहांतल्या आठ वेळा चांद्याच असायचा.

कारण चांद्याला गाडीखाली चालायला शिकवलं होतं अण्णांनी. आमच्याकडे चांगल्या गाडीवानाचं कुत्रं गाडीच्या मागेपुढे भटकत नाही, ते गाडीच्या खाली, दोन्ही चाकांच्या मधोमध चालतं. ऊन लागत नाही, दुसऱ्या गावची कुत्री अंगावर येत नाहीत, आणि बाजारात गाडी सोडली की ते खालीच बसून माल राखतं. पण हे शिकवावं लागतं. पिल्लू असताना चाकांमधल्या लोखंडी आखाला कासऱ्यानं बांधायचं आणि बैल हळूहळू हाकायचे. पंधरा दिवस पिल्लू ओढलं जातं, रडतं, मग त्याला अंतर कळतं. चांद्याला आठ दिवसांत कळलं. कपाळावर पांढरा ठिपका, अंग मातकट, आणि चाल अशी की चाकाची लोखंडी धाव त्याच्या शेपटीला कधी लागली नाही. भोकरदनच्या बाजाराला गाडी निघाली की वर बैलांच्या घुंगरमाळा वाजायच्या आणि खाली चांद्याच्या जिभेचा हाफ्‌ हाफ्‌ आवाज त्याच ठेक्यावर चालायचा. लोक थांबून बघायचे. अण्णा मिशीतल्या मिशीत हसायचे. त्यांना मुलगा नव्हता, आणि माझ्याबद्दल असा अभिमान दाखवल्याचं मला आठवत नाही.

त्याच कुत्र्यावरून आपल्या भाषेत एक म्हण आहे: गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतो. अण्णांची ही लाडकी म्हण. ती ते चांद्याला कधीच लावायचे नाहीत, मायला लावायचे. मायनं म्हणावं, औंदा वरच्या पट्टीत तूर टाका, जमीन थकली. अण्णा ओट्यावरच्या माणसांकडे बघून म्हणायचे, "ऐका. गाडीखालच्या कुत्र्याला वाटून राह्यलं, गाडी आपणच ओढतो." सगळे खदखदून हसायचे. आप्पाकाका हसायचा नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. मी मात्र हसायचे. सगळे हसतात म्हणून हसायचे. आता त्या हसण्याचा मला इतका राग येतो की त्या मुलीला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

मग ट्रॅक्टर आला. मी तेव्हा तेरा वर्षांची असेन. लाल रंगाचा, पुढे झेंडूची माळ, मागे निळी ट्रॉली. अण्णांचा आणि यंत्राचा छत्तीसचा आकडा, पण आप्पाकाका महिन्याभरात असा तरबेज झाला की नांगरटीला शेजारच्या गावचे लोक त्याचं नाव घेऊन बोलवायला यायचे. रोज संध्याकाळी तो ट्रॅक्टर धुवायचा आणि मायच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं पुसायचा. बैलगाडी गोठ्याच्या कडेला जू टेकवून उभी राहिली. चांद्या दोन दिवस तिच्याखाली जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी ट्रॉली निघाली तेव्हा धावत आला, वाकून आत घुसला आणि चाकांच्या मधोमध चालू लागला. पारावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. "पाह्यलं का," अण्णा म्हणाले, "जनावर असावं तर असं. कोणी शिकवलं न्हाई, बिलकुल न्हाई, आपलं आपण शिकलं."

शेतात ठीक होतं, तिथे ट्रॅक्टर पावलापावलानं चालतो. पण डांबरी रस्त्याला लागल्यावर चांद्या जीव तोडून पळायचा. वरून धूर, खालून तापलेलं डांबर, तोंडाला फेस. एकदा मी मागच्या फळीवरून वाकून त्याला वर ओढलं आणि मांडीवर घेऊन बसले. त्याचं काळीज माझ्या मांडीवर धडधडत होतं. घरी आल्यावर अण्णांनी पाहिलं आणि त्याची मानगूट धरून त्याला खाली फेकलं. "त्यो काय जावई हाय व्हय वर बसवायला? एकदा सवय लागली की मंग खाली चालतो का त्यो?" मी म्हणाले, "अण्णा, त्याला पळवत न्हाई." ते म्हणाले, "बांधला की पळंल बराबर." आणि खरंच, पुढच्या खेपेपासून त्यांनी त्याला ट्रॉलीच्या आखाला बांधायला सुरुवात केली. तोच कासरा, तीच गाठ.

आता कोणी विचारेल, घरातल्या एकालाही हे चुकीचं वाटलं नाही का. वाटलं ना. मायला वाटलं, मला वाटलं, आप्पाकाकाला तर इतकं वाटायचं की चांद्या खाली असला की तो ट्रॅक्टर बैलगाडीच्या चालीनं हाकायचा आणि अण्णांच्या शिव्या खायचा. पण कुत्रं अण्णांचं, कला अण्णांची. आपण मध्ये बोलायचं नाही, असं आमचं वळण. या वळणानं किती घरांची वाट लागली, ते लिहायला बसले तर दुसरं पुस्तक होईल.

त्या दिवशी चतुर्थी होती. राजूरच्या गणपतीला जायचं म्हणून ट्रॉलीत कडबा आणि त्यावर गोधड्या अंथरल्या होत्या. गल्लीतल्या दहा-बारा बाया, त्यांची लेकरं, उकडलेल्या रताळ्यांचं टोपलं, शेंगदाण्याचे लाडू, आणि उपास नसणाऱ्या आम्हा पोरांसाठी मेथीचे धपाटे. ट्रॅक्टरला टेपरेकॉर्डर बसवला होता, त्यावर आरत्या लावलेल्या. जाताना आप्पाकाका हळू चालला, त्यामुळे चांद्या बांधलेला असूनही धड पोचला. दर्शन झालं. ट्रॉली उतारावर, गाड्यांच्या गर्दीत उभी होती. मी प्लॅस्टिकच्या वाटीत पाणी घेऊन खाली वाकले, तर चांद्या चाकाला पाठ टेकून पडला होता. तो पाणी प्यायला आणि त्यानं माझ्या मनगटाला लागलेला लाडवाचा चुरा चाटून काढला. मी त्याला सोडलं नाही. गर्दीत हरवेल, अण्णा चिडतील, म्हणून.

निघायची वेळ झाली. पुढे एक जीप आडवी लागली होती, म्हणून ट्रॉली आधी मागे घ्यायला हवी होती. ट्रॉली मागे घेणं सोपं नसतं. ट्रॅक्टर एकीकडे वळवावा तर ती दुसरीकडेच जाते, आणि चालवणाऱ्याला मागचं काही दिसत नाही. म्हणून मागे एक माणूस उभा राहून हात करतो. अण्णा उभे होते. धोतराचा सोगा हातात, भोवती ओळखीचे चार-पाच जण. आम्ही सगळ्या वर चढून बसलो होतो. चांद्याला अण्णांनी सोडलं असेल असं मी धरून चालले. बहुतेक सगळ्यांनीच तसं धरलं. टेपवर आरती मोठ्यानं चालू होती. अण्णांचा हात हलत होता आणि त्यांचा खणखणीत आवाज येत होता: "येऊ दे… येऊ दे आप्पा… येऊ दे…"

पुढचं मी नंतर मातीवरच्या खुणांवरून जुळवलं. चाक हललं तसा चांद्या उठला आणि जन्मभराच्या सवयीनं पुढे निघाला. ट्रॉली मागे गेली. कासरा ताणला, तो आडवा पडला, ट्रॉली वळत होती, आणि चाक त्याच्या मागच्या उजव्या पायावरून गेलं. तो आवाज मी इथे लिहिणार नाही. आरतीतही तो सगळ्यांना ऐकू आला.

आप्पाकाका उडी मारून खाली आला आणि ते पाहून मटकन बसला. अण्णा त्याच्यावर ओरडले, "मी थांब म्हणून राह्यलो आन तू जोरात घेतो? कान फुटले का तुझे?" आप्पाकाका म्हणाला, "दादा, मला ऐकूच आलं न्हाई." बस, एवढ्यात निकाल लागला. भोवतीच्या माणसांनी माना डोलवल्या: पोरगं हुशार, पण दमानं घेत न्हाई. अण्णांनी कासऱ्याची गाठ सोडली आणि म्हणाले, "राहू द्या इथंच. देवाच्या दारात हाय. वाचलं तर येईल चालत, न्हाई तर त्याचं नशीब. चला, बसा."

मी खाली उतरून चांद्याचं डोकं धरून बसले होते. तो मला चावला नाही, नुसता कापत होता. अण्णांनी माझा दंड धरला. तेवढ्यात माय ट्रॉलीतून उतरली. ती नवी जांभळी साडी नेसली होती. तिनं ट्रॉलीच्या बाजूची सुटी फळी काढून जमिनीवर ठेवली, तिच्यावर गोधडी घातली आणि आप्पाकाकाला म्हणाली, "ऊठ. कंबरंखाली हात घाल, पाय हालू देऊ नको." वरून गल्लीतली जनाकाकू ओरडली, "अगं, प्रसाद हाय वर, त्याला कुत्रं शिवंल की!" माय म्हणाली, "मंग प्रसाद मांडीवर घे. तुझी मांडी रिकामीच हाय."

"येडी झाली का?" अण्णा म्हणाले. "लोक बघून राह्यले. कुत्र्याला वर घेती?"

माय त्यांच्याकडे वळली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण चार माणसांत ती अण्णांच्या तोंडाकडे बघून बोलल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. "त्याला वर घ्या," ती म्हणाली, "न्हाई तर तो कासरा आणा इकडं. मी चालते गाडीखालून. मला बी लई दिवसापासून वाटून राह्यलंय, गाडी मीच ओढते."

कोणी हसलं नाही. कोणीतरी टेप बंद केला. अण्णा पुढे जाऊन ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पाठ करून बसले. चांद्याची फळी मधोमध ठेवली, माय एका बाजूला, मी दुसऱ्या. मायनं त्याला गोधडीसकट पदरानं फळीला असं बांधलं की गचका बसला तरी तो घसरू नये, आणि गळ्याला काहीच नको. "गळ्याला बांधलेलं जनावर पडलं की फाशी बसती," ती मला म्हणाली. तिला हे आधीपासून कळत होतं. कोणी विचारलंच नव्हतं. गाव मागे टाकून आम्ही थेट भोकरदनला गुरांच्या दवाखान्यात गेलो. आप्पाकाका रडत रडत चालवत होता आणि प्रत्येक खड्ड्याआधी मागे बघत होता. डॉक्टरांनी पाय मांडीतून काढला.

चांद्या तीन पायांवर आणखी सहा वर्षं जगला. ट्रॉलीच्या वाऱ्यालाही पुन्हा उभा राहिला नाही. पण अण्णांनी चुटकी वाजवली की उड्या मारत जायचा आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवायचा. मला ते पाहवायचं नाही. कुत्र्याच्या जातीचा हा एक दोष आहे, ते लवकर माफ करतं.

शिक्षा झाली ती आप्पाकाकाला. अण्णांनी ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली आणि पगारी ड्रायव्हर ठेवला. ज्या माणसाला तीन गावं नावानं बोलवत होती, तो पुन्हा खुरपं घेऊन बांधावर बसला. पण त्याचं त्याला फार नव्हतं. मायनं त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं भाकर वाढणं बंद केलं. भांडण नाही, शब्द नाही, नुसतं टोपलं त्याच्यापुढे सरकवायची. "पोटच्यासारखा वाढवला," मला एकदा म्हणाली, "आन थांब म्हणलेलं ऐकलं न्हाई त्यानं. मुक्या जिवापेक्षा घाई मोठी." आप्पाकाका टोपल्यातली गार भाकर उचलून घ्यायचा. माय गेली तोवर हे असंच चाललं. मीही त्याच्याशी तुटकच बोलायचे. मलाही तेच खरं वाटत होतं.

पुढे मी जालन्याच्या शाळेत शिक्षिका झाले, जुनी गाडी घेतली, आणि काळी नावाची कुत्री पाळली. तिच्यासाठी मस्तगडच्या एका मोच्याकडून छातीवरून आणि पोटाखालून जाणारा पट्टा शिवून घेतला. तो मागच्या सीटच्या पट्ट्यात अडकतो, गळ्याला काही नाही. काच चार बोटं उघडी, निघायच्या आधी पोटभर खाणं नाही, तासाभरानं थांबून पाणी, आणि उन्हात बंद गाडीत एक मिनिटही नाही. लोक हसतात. हसोत. रस्त्यात एखाद्या पिकअपच्या मागे गळ्याला दोरी बांधून उभं केलेलं कुत्रं दिसलं तर मी अजून गाडी आडवी घालते आणि भांडते. मंठ्याच्या रस्त्यावर एका बागायतदारानं मला "बाई, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय" असं सांगितलं. मी म्हणाले, "झालाय. आधी दोरी सोडा."

अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच जालन्यात करवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, काही दिवस अजिबात वाकायचं नाही. गावी सोडायला निघाले, काळीचा पट्टा लावला, वळून बघते तर अण्णा गाडीच्या मागे दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकलेले. पंचाहत्तरीचा माणूस, डोळ्यावर हिरवी पट्टी.

"अण्णा! वाकू नका म्हणलं होतं ना?"

"खाली कोणी न्हाई," ते उठत म्हणाले. "चल."

ते पुढच्या सीटवर बसले. मी किल्ली फिरवली नाही. वीस वर्षांचा राग एकदम तोंडात आला. "आज डोळा फुटंस्तोवर वाकता. त्या दिवशी राजूरला बघायला काय झालं होतं?"

 अगदी साध्या आवाजात, हवापाण्याबद्दल बोलावं तसे ते म्हणाले, "त्या दिवशी कशाला बघायचं? मला म्हायीत होतं, खाली हाय म्हणून."

"मंग येऊ दे कसं म्हणलात?"

"वाटलं, उठंल. चाक हाललं की उठतोय त्यो. चार लोक उभे होते. म्हणलं बघू द्या, कसा बराबर चाकातून निघतो." मग म्हणाले, "थांब म्हणलोच न्हाई मी. नंतर म्हणलो, तसं म्हणल्तो म्हणून."

मला वाटलं होतं, कधीतरी हा माणूस कबूल करेल आणि माझा राग उतरेल. खोटं आहे ते.  मी म्हणाले, "आप्पाकाकाला सांगायचं. आज. घरात पाऊल टाकायच्या आधी." ते म्हणाले, "आता काय उपेग? म्हातारा झाला त्यो." मी त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "सांगता, का चालत येता?"  मग त्यांनी दार लावून घेतलं आणि चाचपडत सीटचा पट्टा ओढला.

गावी पोचलो तेव्हा आप्पाकाका अंगणात शेंगा फोडत बसला होता. अण्णा उभ्यानंच बोलले, वर सांगितलं तेवढंच, चार वाक्यं.  मला वाटलं, आता हा उठेल, ओरडेल, जाब विचारेल, किल्लीचं विचारेल, गेलेल्या वर्षांचं विचारेल. मी त्याच्या बाजूनं भांडायला तयार उभी होते.

त्यानं एकच विचारलं.

"दादा, वहिनीला सांगितल्तं का हे?"

अण्णांनी मान हलवली. नाही.